आधी यादी, मग स्कॅनर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शंभरी ओलांडलेल्या सार्वजनिक वाचनालयांत हल्ली जुन्या संग्रहाची ‘स्वच्छता मोहीम’ निघते. हेतू चांगला. पण एका रविवारी पन्नास जणांनी येण्यापेक्षा दर शनिवारी चौघांनी दोन तास बसलेले संग्रहाला अधिक मानवते. गर्दीत रुमाल, म्हणजे कागदपत्रे बांधलेली कापडी गाठोडी, सुटतात, कागदांचा क्रम मोडतो आणि संध्याकाळी उरलेला ‘कचरा’ रद्दीत जातो. त्या कचऱ्यातच नगरपालिकेचे जुने अहवाल, शाळांच्या स्मरणिका, जत्रेची हँडबिले असतात. जुन्या कादंबरीची दुसरी प्रत कुठेतरी मिळेल, यांची नाही. निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या कागदांच्या, यादीवर गावाचा इतिहास जाणणाऱ्या दोघांची नजर फिरल्याशिवाय एक पानही बाहेर जाऊ नये.

काम जोडीने करावे. एकाने मऊ ब्रशने शिवणीकडून कडेकडे धूळ काढावी, दुसऱ्याने नोंद लिहावी. एका बैठकीत चाळीस कागद झाले तरी पुष्कळ. ओले फडके आणि पेन टेबलावर नकोच. क्रमांक मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने. मोडी पत्राच्या बंदांचे, म्हणजे एकाखाली एक चिकटवलेल्या कागदांचे, जोड सुटले असतील तर ते आहेत त्याच क्रमाने एका वेष्टनात ठेवावेत. सेलोटेप लावू नये. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि काढताना अक्षरही घेऊन येतो. लॅमिनेशन केलेला कागद तर कायमचा अडकला. नवा रुमाल शिवण्याआधी मादरपाट (जाडसर सुती कापड) दोनदा धुवावा, कारण त्याच्या कांजीवर कसर पोसते. डांबरगोळ्यांनी बुरशी जात नाही, बसणाऱ्यांची डोकी मात्र दुखतात. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले तर पावसाळ्यात जास्त उपयोग होतो.

सर्वांत जास्त चुका तारखांत होतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. पानिपतची लढाई शके १६८२ च्या पौषातली. ७८ मिळवले तर १७६० येते, प्रत्यक्षात ती १४ जानेवारी १७६१ ची. एक जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ धरावे लागतात. मराठेशाहीच्या कागदांत आढळणारा शुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होतो. डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणून यादीत मूळ कालनोंद जशीच्या तशी एका रकान्यात आणि इसवी सन वेगळ्या रकान्यात हवा. पहिला रकाना शाबूत असला की दुसऱ्यातली चूक केव्हाही दुरुस्त होते. पुराभिलेख संचालनालयाचे मोडी वर्ग केलेले अनेक जण सरावाअभावी लिपी विसरतात. त्यांना या कामाला जरूर बोलवावे.

यादी झाल्यावर स्कॅनिंग. मोबाइलमधली अ‍ॅप कागद पांढराशुभ्र करताना फिकट शाई पुसून टाकतात, त्यामुळे रंगीत आणि किमान ३०० डीपीआयचेच चित्र घ्यावे. फाइलचे नाव म्हणजे दाखल क्रमांक, दुसरे काही नाही. एक प्रत इमारतीबाहेर ठेवावी. छापील पुस्तक सर्वांसाठी खुले करण्याआधी लेखकाच्या निधनाला साठ वर्षे उलटली आहेत का, हे पाहावे.

आणि बैठक संपताना रुमाल मोजून नोंदवहीत ग्रंथपालांची सही घ्यावी. कार्यकारिणी बदलली की पहिली विचारणा त्याचीच होते.

– जुन्या ग्रंथसंग्रहांसाठी काम करणारे काही स्वयंसेवक, पुणे