लॉक खाडीवर नको, गोदीच्या तोंडाशी हवा

महोदय,

ठाणे खाडीतून मालवाहतुकीचा विषय निघाला की ‘लॉक बांधा, ओहोटीतही बार्ज चालतील’ ही सूचना हमखास येते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला कप्पा; त्यात पाणी भरून किंवा सोडून बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नौका, एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेतात. या सूचनेसोबत पश्चिम बंगालमधल्या फरक्क्याचा दाखला असतो. तो इथे लागू पडत नाही. तिथे बंधाऱ्यामुळे गंगा आणि तिचे पाणी हुगळीकडे नेणारा सुमारे 38 किलोमीटरचा फीडर कालवा यांच्या पातळीत फरक पडतो, त्यामुळे लॉक हवाच. जुन्याशेजारी नवा लॉक बांधला तोही योग्यच; एकच लॉक असला तर दरवाजाच्या दुरुस्तीत अख्खा जलमार्ग अडतो.

आपल्याकडे दोन्ही टोकांना समुद्र. एक भरती मुंबई बंदराकडून चढते, दुसरी वसईकडून उल्हासच्या पात्रात शिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी साडेतीन-चार मीटर चढते-उतरते, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला त्याच्या निम्म्याहून कमी. खाडीवर आडवे दरवाजे घालून पाणी भरतीच्या पातळीला अडवले तर तळाला खोली मिळेल, पण कळव्याच्या रस्ता आणि रेल्वे पुलांखालची मोकळी उंची कायमची घटेल. त्याहून गंभीर म्हणजे शहराचे नाले ओहोटीतच मोकळे होतात. जुलैच्या पावसात खाडी भरलेली ठेवणे म्हणजे पाणी वस्तीत ढकलणे. खारफुटीलाही रोजची चढ-उतार लागते, आणि खालचा फ्लेमिंगो अभयारण्याचा पट्टा 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे.

लॉकची खरी जागा काठावर खोदलेल्या गोदीच्या तोंडाशी. मुंबईत 1914 साली सुरू झालेल्या, आजच्या इंदिरा गोदीचा लॉक सुमारे 228 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद आहे. त्यामुळे तिथे ओहोटीतही जहाज आत घेता येते. शेजारच्या जुन्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्यांत भरतीची वाट पाहावी लागे.

कोलशेत किंवा काल्हेरला याची छोटी आवृत्ती करायची, तर 80 मीटर लांब, 14 मीटर रुंद कप्पा धरू. तीन मीटर पातळी चढवायला 33 लाख 60 हजार लिटर पाणी लागते. दहा मिनिटांत भरायचे तर सेकंदाला 5,600 लिटर, आणि झडपा एकदम उघडल्या तर आतला बार्ज दोरखंड तोडतो. म्हणून पाणी तळातल्या अनेक छिद्रांतून, झडपा सावकाश उचलून सोडावे लागते. दोन पाखांचे कोनात मिटणारे दरवाजे एकाच बाजूचा दाब पेलतात. उधाणाची भरती आतल्या पातळीच्या वर गेली की तोच दाब त्यांना उघडू लागतो. तेव्हा उलट्या तोंडाची दुसरी जोडी किंवा बाजूला सरकणारा दरवाजा अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून हवा.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते गाळाकडे. लिटरमागे एकच ग्रॅम धरला तरी प्रत्येक भरण्याबरोबर तीन टनांहून अधिक गाळ आत येतो. स्थिर पाण्यात त्यातला बराचसा खाली बसतो, उंबरठ्यावर आणि दरवाजाच्या खोबणीत साचतो. मग दरवाजा पुरता मिटत नाही, रबरी पट्ट्या फाटतात, पाणी झिरपते. खोबणीत पाण्याचे फवारे, लोखंड खाऱ्या पाण्यात गंजू नये म्हणून त्याला जस्ताचे ठोकळे, आणि कप्पा कोरडा करता यावा म्हणून दोन्ही टोकांना फळ्या बसवण्याच्या खाचा, एवढे तरी आराखड्यात असावे.

कल्याण-ठाणे-मुंबई या राष्ट्रीय जलमार्ग 53 वर भिवंडीच्या गोदामांचा माल खरोखर आणायचा असेल, तर महाराष्ट्र सागरी मंडळाने निविदेआधी पावसाळ्यासह पूर्ण वर्षाची भरती-ओहोटीची व गाळाची मोजणी आणि प्रत्येक पुलाखालची मोकळी उंची जाहीर करावी. तोवर तरंगत्या जेट्ट्यांवर भागवता येईल. त्या पाण्याबरोबर वर-खाली होतात.

— एक वाचक, कळवा (जि. ठाणे)