मंचावर गाणाऱ्याला आणि पेन ड्राइव्ह विकणाऱ्याला एकच शिक्षा का? केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मधील किमान शिक्षा आणि गाण्या-वाजवण्यावर पोट असलेले कलाकार

महोदय,

ठाणे आणि नवी मुंबईतल्या नाट्यगृहांत, सोसायट्यांच्या क्लब हाऊसमध्ये, गणपती-नवरात्राच्या मंडपांत आणि लग्नाच्या हॉलवर गाणारे, कीबोर्ड-ऑक्टोपॅड वाजवणारे, कराओके ट्रॅकवर कार्यक्रम करणारे आणि साउंड सांभाळणारे आम्ही लोक हे पत्र लिहीत आहोत. गाण्याची चोरी माफ करा, अशी आमची मागणी नाही. चाल बांधणारा आणि शब्द लिहिणारा आमच्याच व्यवसायातला माणूस आहे, त्याचे पैसे बुडालेले आम्हालाही नको आहेत. आमची तक्रार वेगळी आहे. कोणी नेमके काय केले हे न पाहता शिक्षा एकाच मापाने मोजली जाते आणि नियमाने वागण्याची वाट उघडी नसताना ती लागू होते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ पाहा. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला किमान ६ महिने ते कमाल ३ वर्षे कैद, वर किमान ५०,००० ते २ लाख रुपये दंड. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास कलम ६३ए खाली किमान १ वर्ष आणि १ लाख. न्यायाधीशांना या किमान मर्यादेच्या खाली जाता येते, पण उल्लंघन धंद्यात नफ्यासाठी झालेले नसेल तरच. मानधन घेऊन गाणाऱ्याचा धंदाच गाणे आहे, त्यामुळे ही सवलत त्याच्या हाती लागणे कठीण. हजारो गाणी भरलेले पेन ड्राइव्ह घाऊक विकणारा आणि एका संध्याकाळच्या मानधनावर कीबोर्ड वाजवणारा, दोघांची सुरुवात तिथूनच होते. समजा वादकाला एका कार्यक्रमाचे अडीच हजार मिळतात. कमीत कमी दंड म्हणजे त्याचे वीस कार्यक्रम, तेही गाडीभाडे आणि सामानाची ने-आण न धरता. आषाढापासून गणपतीपर्यंत कामे तुटक असतात, हे हिशेबात घ्या.

कलम ६३बी मध्ये हाच कायदा फरक करतो. संगणक प्रोग्रामची चोरटी प्रत वापरणाऱ्याला किमान कैद ७ दिवसांची आहे, आणि वापर धंद्यासाठी नसेल तर कैद न देण्याचीही मुभा आहे. म्हणजे एकाच लॅपटॉपवर डीजेचे सॉफ्टवेअर चोरीचे आणि गाणेही चोरीचे असेल, तर सॉफ्टवेअरसाठी सात दिवस आणि गाण्यासाठी सहा महिने. याचे कारण आम्हाला सापडत नाही.

अमेरिकेत भरपाई गाण्यागणिक मोजतात: एका कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, मुद्दाम केले असेल तर १,५०,००० पर्यंत. २४ गाण्यांसाठी एका महिलेवर २,२२,००० डॉलरचा निवाडा तिथे कायम झाला. तो रस्ता भारताने धरला नाही, हे बरे झाले. पण २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. त्यामुळे दंड व्हायच्या कितीतरी आधी अटक, वकील, जामीन आणि तारखा यांतच कलाकार रिकामा होतो.

आता चोरटी फाइल मंचावर येते कशी, ते सांगतो. तीन तासांच्या कार्यक्रमात साधारण २२ ते २५ गाणी होतात. पूर्ण वाद्यवृंद परवडत नाही तिथे गायक, एक कीबोर्ड आणि लॅपटॉपवरचे ट्रॅक एवढ्यावर काम भागवतात. मध्यंतरात फर्माइशीची चिठ्ठी येते. मूळ गाणे पुरुष आवाजातले, काळी एक या पट्टीतले. गाणारी पांढरी चारमध्ये गाते. म्हणजे ट्रॅक चार अर्धस्वर वर हवा. सॉफ्टवेअरने एवढा वर ओढला की ढोलकीचा घुमा पातळ होतो आणि बासरी चिरकते. व्हिडिओ साइटवरून उतरवलेली १२८ केबीपीएसची, म्हणजे हलक्या दर्जाची, फाइल असेल तर झांजा मोठ्या स्पीकरवर फसफसतात. मूळ गायकाचा आवाज पुसणारे ॲप वापरले तर शब्द जातात, पण त्याच्या आवाजाचा पुसट घुमारा मागे राहतो, आणि समोरची गायिका तीच जागा घेते तेव्हा दोन आवाज एकमेकांवर आदळतात. चोरीचा ट्रॅक कलाकाराला आवडतो म्हणून वापरला जात नाही. हव्या त्या पट्टीतला, मंचावर वाजवण्याच्या परवानगीसकट विकत मिळणारा ट्रॅक बहुतेक मराठी गाण्यांसाठी उपलब्धच नसतो. गाणी ऐकवणाऱ्या ॲपचे महिन्याचे पैसे भरले तरी त्याच्या अटींत वापर वैयक्तिक आणि अव्यावसायिक असावा असे लिहिलेले असते. पैसे भरूनही मंचावर तो वापर नियमबाह्यच.

चांगला ट्रॅक बनतो तो वादकांना बसवून नव्याने वाजवून. तसा ट्रॅक करून विकणाऱ्याने रीतसर जायचे म्हटले, तर मूळ हक्कदाराशी स्वतंत्र करार करायचा किंवा कलम ३१सी खाली कव्हर व्हर्जनचा परवाना घ्यायचा. त्यासाठी मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षे उलटलेली असावी लागतात. हेही समजू शकते. पण पुढची अट अशी की दर वर्षी दर गाण्यामागे कमीत कमी ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची. आमच्या भागात एखाद्या जुन्या भावगीताचा ट्रॅक वर्षाला चाळीस जणांनी घेतला तरी खूप. चाळीस प्रती विकायला पन्नास हजार प्रतींचे पैसे कोण भरणार? ही अट कॅसेट-सीडीच्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. एखाद्या भाषेतल्या कृतींचा संभाव्य खप पाहून हा किमान आकडा खाली आणण्याची तरतूद त्याच कलमात आहे. मराठीसाठी ती वापरली, तर उद्यापासून कितीतरी ट्रॅकवाले उजेडात येऊन धंदा करतील. या पत्रातली सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयोगी मागणी हीच आहे.

दुसरा गोंधळ परवान्यांचा. एका गाण्यात निदान दोन वेगळे हक्क असतात: शब्द-चाल यांचा आणि ध्वनिमुद्रणाचा. वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवून गातो तेव्हा पहिलाच लागतो, त्यासाठी गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणारी आयपीआरएस ही नोंदणीकृत संस्था आहे. डीजे मूळ रेकॉर्ड वाजवतो तेव्हा दोन्ही लागतात. ध्वनिमुद्रणासाठी २०२१ मध्ये आरएमपीएल (रेकॉर्डेड म्युझिक परफॉर्मन्स लिमिटेड) या संस्थेची नोंदणी झाली, पण बरीच गाणी इतर कंपन्यांकडे आहेत, त्या स्वतंत्र परवाने देतात. अशा नोंदणी नसलेल्या कंपनीला मालक म्हणून परवाना देता येतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०२५ मध्ये वेगळी भूमिका घेतली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पैसे नेमके कोणाला द्यायचे यावर मोठमोठ्या वकिलांचे एकमत नाही, आणि चूक झाली तर किमान सहा महिने मात्र कीबोर्डवाल्याला.

लग्नाचेही तसेच. कलम ५२(१)(झेडए) नुसार धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळे यांत गाणे वाजवणे हे उल्लंघन नाही. आपल्याच विभागाने २४ जुलै २०२३ रोजी तशी जाहीर सूचना काढली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये त्यावरून परिपत्रक काढले, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले. त्यामुळे हॉलचा व्यवस्थापक परवाना मागतो, यजमान सूचना दाखवतो आणि मध्ये डीजे उभा. शिवाय ही सूट वाजवण्याला आहे, प्रत करण्याला नाही. लग्नात वाजवणे मोफत असले तरी लॅपटॉपमधली फुकट उतरवलेली फाइल ही बेकायदा प्रतच राहते, हे अनेकांना माहीतच नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये रहिवाशांनी रेकॉर्ड ऐकणे किंवा हौशी मंडळींनी विनातिकीट प्रेक्षकांपुढे गाणे, यांनाही कलम ५२ मध्ये सूट आहे. पण घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या सोसायटीने मानधन देऊन गायक बोलावला, तर तो कार्यक्रम हौशी की व्यावसायिक? याचे उत्तर पोलीस ठाण्यात द्यावे लागू नये.

जप्तीबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल. कलम ६४ नुसार उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय बेकायदा प्रती आणि त्या करण्याची साधने ताब्यात घेऊ शकतो. कायद्यात त्या साधनांना 'प्लेट' म्हटले आहे आणि व्याख्या इतकी रुंद आहे की लॅपटॉप त्यात बसतो. परत मिळवण्यासाठी १५ दिवसांत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. ही मुदत अनेकांना उलटून गेल्यावर कळते. मिक्सर, स्पीकर, अँप्लिफायर, माइक यांनी प्रत होत नाही, ते जप्त करण्याचे कारण नाही. अरेंजर कीबोर्डमध्ये वादकाने वर्षानुवर्षे बसवलेले टोन आणि स्टाइल असतात. तो गेला की दुसऱ्याच्या कीबोर्डवर तेच गाणे तसे वाजत नाही, आणि गणपतीचे दहा दिवस हातचे जातात. पुराव्यासाठी यंत्र लागतच नाही. डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा घ्यावी, तिची हॅश व्हॅल्यू (डेटात फेरफार झाल्यास बदलणारा ओळख-आकडा) पंचनाम्यात लिहावी, कलाकाराची सही घ्यावी आणि यंत्र सुपूर्तनाम्यावर त्याच दिवशी परत द्यावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहेच, त्याच चित्रीकरणात हे होऊ शकते.

आणि तडजोड? समजा कलाकाराने चूक कबूल केली, कंपनीचे पैसे दिले, कंपनीही तक्रार मागे घ्यायला तयार आहे. तरीही खटला मिटत नाही, कारण कॉपीराइट कायद्यात आपसात गुन्हा मिटवण्याची तरतूद नाही. गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावे लागते. ठाण्याच्या वादकासाठी म्हणजे फोर्टला हेलपाटे आणि मूळ परवान्याच्या कितीतरी पट वकिलाची फी. आपल्या सरकारने जनविश्वास कायदा, २०२३ आणून ४२ कायद्यांतल्या तरतुदी सौम्य केल्या, कारण किरकोळ चुकीसाठी व्यावसायिकाला तुरुंगाचा धाक नको. ते तत्त्व कलम ६३ मधल्या मंचावरच्या कलाकाराला लागू का होऊ नये?

आमची सूचना अशी. ज्याने प्रती विकल्या नाहीत, इंटरनेटवर चढवल्या नाहीत, फक्त स्वतःच्या कार्यक्रमात वापरल्या, त्याला पहिल्या वेळी लेखी नोटीस आणि ३० दिवसांची मुदत द्यावी. त्या मुदतीत त्याने त्या कार्यक्रमाचे परवाना शुल्क आणि तेवढीच रक्कम दंड म्हणून भरावी, म्हणजे प्रकरण तिथेच मिटावे. तीन वर्षांत पुन्हा सापडला तर पाचपट. तिसऱ्यांदा कलम ६३ लावा, आम्ही तक्रार करणार नाही. पेन ड्राइव्ह भरून विकणाऱ्यांना आणि गाणी अपलोड करून जाहिरातींवर कमावणाऱ्यांना आजचीच शिक्षा राहू द्या. त्यांच्यामुळे आमचेही नुकसान होते: फुकट फाइल मिळते म्हणून आयोजक वादक कमी करतो.

परवान्याची पहिली जबाबदारी आयोजकाची, असे नियमात स्पष्ट लिहावे. नफ्यासाठी जागा वापरू देणाऱ्याची जबाबदारी कलम ५१ मध्ये आहेच, पण करारनाम्यात 'संगीत परवान्याची जबाबदारी कलाकाराची' ही ओळ घालून ती खाली ढकलली जाते. सर्व हक्कांसाठी एकच पोर्टल असावे. नाट्यगृहाची तारीख घेताना आसनसंख्या, तिकीट आहे की नाही, गाणी प्रत्यक्ष वाजवणार की ट्रॅकवर, एवढे भरले की शुल्क निघावे आणि पावती आयोजकाच्या नावे मिळावी. ३०० आसनांच्या विनातिकीट कार्यक्रमाला आणि वाशीतल्या मोठ्या तिकीट शोला एकच दर नको. कार्यक्रमानंतर ४८ तासांत वाजलेल्या गाण्यांची यादी आम्ही त्याच पोर्टलवर भरू. त्या यादीतूनच कळेल की पैसे कोणत्या गीतकाराला जायचे. यादी नसेल तर ठाण्यात वाजलेल्या कोळीगीताचा वाटा भलत्याच गाण्याकडे जाऊ शकतो.

त्याच पोर्टलवर हक्कमुक्त ध्वनिमुद्रणांची यादीही हवी. १९६० साली प्रकाशित झालेले ध्वनिमुद्रण ६० वर्षांची मुदत संपून १ जानेवारी २०२१ पासून मुक्त झाले आहे, पण त्यातले शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. कोणत्या जुन्या रेकॉर्डला कोणता परवाना उरला आहे, हे एका ओळीत दिसले तरी निम्मे वाद होणार नाहीत.

कलम ३१सी मधला मराठीसाठीचा आकडा खाली आणण्याची प्रक्रिया आपण येत्या गणेशोत्सवापूर्वी सुरू करावी. कोणत्या गाण्याचे ट्रॅक किती लागतात, कोणत्या पट्ट्यांत लागतात आणि आज ते किती रुपयांना मिळतात, याचा तपशील आम्ही लेखी द्यायला तयार आहोत.

आपले,
ठाणे व नवी मुंबई परिसरातील गायक, वादक, निवेदक, डीजे आणि ध्वनिसंयोजक