‘आम्ही लोक’ लिहिणारा परदेशातून आलेला वकील

माननीय संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या संविधानदिनी साताऱ्यात झालेल्या एका व्याख्यानात अमेरिकेची राज्यघटना जेफरसन यांनी लिहिली, असे सांगण्यात आले. वास्तविक १७८७ साली फिलाडेल्फियातील घटनासभेत घटना आकार घेत असताना जेफरसन राजदूत म्हणून फ्रान्समध्ये होते. पण या चुकीपेक्षा, ती घटना घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या जेम्स विल्सन यांचे नावही कोणी घेतले नाही, याचे मला वकील म्हणून अधिक वाईट वाटले.

विल्सन यांचा जन्म १७४२ साली स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. १७६५ मध्ये ते अमेरिकेत आले, जॉन डिकिन्सन यांच्या हाताखाली कायदा शिकले आणि पेनसिल्व्हेनियात वकिली करू लागले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना या दोन्हींवर ज्यांच्या सह्या आहेत अशा अवघ्या सहा जणांपैकी ते एक. घटनेचा तपशीलवार मसुदा करणाऱ्या पाच जणांच्या समितीत ते होते. त्यांच्या हस्ताक्षरातील मसुद्याचा आरंभ ‘आम्ही लोक’ याच शब्दांनी होतो आणि पुढे एकेका राज्याचे नाव येते. राष्ट्राध्यक्ष आणि सिनेटचे, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे, सदस्य जनतेनेच थेट निवडावेत, हा त्यांचा आग्रह त्या सभेने मानला नाही. सिनेटपुरता तो मान्य व्हायला १९१३ साल उजाडले.

त्यांच्या उणिवाही झाकू नयेत. प्रतिनिधित्वासाठी गुलामांची गणना तीन-पंचमांश, म्हणजे पाच गुलामांमागे तीन माणसे, धरण्याचा प्रस्ताव त्या सभेत मांडणारे हेच विल्सन होते, आणि लोकसत्तेची इतकी ओढ असलेल्या माणसाने तो मांडावा, हे मला आजही सलते. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती असतानाच जमिनींच्या सट्ट्यात ते कर्जात बुडाले, धनकोंच्या तगाद्यामुळे तुरुंगात गेले आणि १७९८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात, घरापासून दूर, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी वारले.

व्याख्यानाच्या त्या संविधानदिनी सकाळी न्यायालयाच्या आवारात आम्ही उद्देशिका वाचत होतो. ‘आम्ही भारताचे लोक’ हे शब्द कानी पडताच तारखेला आलेल्या एका वृद्ध पक्षकाराने हातातली कागदांची पिशवी पायाशी ठेवली आणि आमच्याबरोबर हात पुढे केला. साताऱ्यासारख्या ज्या गावच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव दाखल झाले, त्या गावातील विद्यार्थ्यांना या शब्दांचा मागचा प्रवास चुकीचा सांगितला जाऊ नये, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच. आपण यास जागा द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वकील वाचक, सातारा