पानं मोठी की जास्त?

प्रिय मंदे,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही आणि आता लिहितेय ते माझं काम अडलं म्हणून, हे तुला पहिल्या ओळीतच लक्षात येईल. चिडायचंच असेल तर पत्र संपवून चिड. हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. घरात सांगून पाहिलं, तर "मग दोन पानं कमी कर की," एवढं म्हणून हे परत पेपरात शिरले. तब्येत बरी. मनगट मधूनमधून कुरकुरतं, तेव्हा सुया खाली ठेवते. बाकी रिपोर्ट चांगले.

तर, पानांचा स्वेटर. तोच, गळ्यापासून खाली पानं सुटत येतात तो. धाकटीच्या मैत्रिणींनी पाहिला आणि "काकू, लिहून द्या ना, आम्ही विणतो" म्हणून मागे लागल्या. मी हो म्हटलं. आपण सगळं तोंडी शिकलो आणि तोंडीच शिकवलं. "इथे वाढव, पुरेसं वाटलं की थांब." आता 'पुरेसं वाटलं की' हे कागदावर कसं लिहिणार? तरी माझ्या मापाचा लिहून काढला. मग बाकीची मापं, छाती ९० सेंटीमीटरपासून १३० पर्यंत. त्या मुलींतली एक अंगाने भरलेली आहे, बोलायला फटकळ, तुला बघताक्षणी आवडेल अशी. टाके घालायच्या आधीच तिने विचारलं, "काकू, माझ्या मापात पानं मोठी होणार की जास्त होणार?"

हाच प्रश्न तू मला बाईंकडे त्या शालीच्या वेळी विचारला होतास, आणि मी "तुला काय करायचंय" म्हटलं होतं, आणि मग आपण किती दिवस बोललो नाही ते तुला आठवत असेलच. आता तो व्याजासकट परत आलाय.

हिशेब ऐक. १० सेंटीमीटरला २२ टाके, ३० ओळी. (नमुना धुतला, सपाट वाळवला, मग मोजला. शिवाय गोल विणून मोजला, कारण माझ्या उलट ओळी सैल पडतात आणि गोलात उलट ओळच नसते. खूश? आधीची लोकर धुतल्यावर २२ ची २१ झाली होती. दिसायला एकच टाका, पण अंगाच्या २०० टाक्यांवर चार सेंटीमीटरहून जास्त फरक.) ९० च्या मापाला अंगाचे २०० टाके. विणकामाची पुस्तकं लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमनबाईंची टक्केवारी तुला पाठ आहे: अंग शंभर धरलं तर दंडाशी बाही ३५, गळा ४०, काखेत बाजूला ठेवायचे ८. म्हणजे गळ्याला ८० टाके, आणि खाली, अंग आणि बाह्या वेगळ्या करण्याआधी, सगळे मिळून २७६ (अंगाचे २०० आणि दोन बाह्यांचे १४०, त्यातून काखांचे चार वेळा १६ वजा).

आता तुझ्या नमुन्यातलं पान. गळ्याशी ४ टाके, तीन पानाचे आणि एक उलट, पानापानांमधला. दर दहाव्या फेरीला पानात दोन टाके वाढतात, असं पाच वेळा. मग पान तेरा टाक्यांचं होतं, उलट टाका धरून चौदा. तिथून पान मिटायला लागतं, आणि पानातले जितके टाके कमी होतात तितकेच बाजूच्या उलट जमिनीत वाढतात, म्हणून चौदा कायम राहतात. वीस पानं, वर ऐंशी टाके, खाली दोनशे ऐंशी. ९० च्या मापाला असं चपखल बसतं की मला वाटलं होतं, आपण फार हुशार आहोत.

१३० ला बसवून बघ. टक्केवारीने खाली ३९४ टाके येतात. पानं जास्त करायची तर अठ्ठावीस पानांचे ३९२. वा. पण अठ्ठावीस पानं म्हणजे वर गळ्याला ११२ टाके, म्हणजे जवळजवळ ५१ सेंटीमीटर. स्वेटर खांद्यावरून घसरून दंडावर येईल. झिमरमनबाईंची टक्केवारी इथेच थकते. माणूस रुंदावतं ते सगळीकडे सारखं रुंदावत नाही. क्राफ्ट यार्न कौन्सिलचा, म्हणजे अमेरिकेतल्या लोकरवाल्यांच्या संघटनेचा, मापांचा तक्ता काढून बघितला. छातीचं माप ३० सेंटीमीटरने वाढतं, तेव्हा पाठीची रुंदी, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, फार तर सात-आठ सेंटीमीटरने वाढते. मुंढ्याची खोलीही तशीच, अगदी हळू. आणि आपण आपलं सगळ्यालाच ४० टक्के लावत बसलोय.

बरं, पानं मोठी करू. वीसच ठेवायची, गळा ऐंशीचा ऐंशीच, पण पान एकोणीस टाक्यांचं. मग पाचाऐवजी आठ वेळा वाढवावं लागतं. आणि इतक्या मोठ्या मापालाही गळ्यापासून काखेपर्यंत खोली २६ सेंटीमीटरच्या वर नेता येत नाही, नाहीतर हात वर केला की अख्खा स्वेटर वर येतो. तेवढ्यात आठ वाढी बसवायच्या तर दर सात-आठ फेऱ्यांनी चाळीस टाके वाढतात. सपाट गोल पसरायला एक सेंटीमीटर खाली गेल्यावर घेर सव्वासहा सेंटीमीटरने वाढावा लागतो. इथे तो सातच्या वर वाढतोय. म्हणजे खांद्यावर झालर! कागदावर दिसत नव्हतं, म्हणून अर्धा गळा विणून पाहिला. आली झालर. शिवाय नऊ सेंटीमीटर रुंदीची पानं. त्या मुलीला फोटो पाठवला तर तिचं उत्तर, "काकू, मला स्वेटर हवाय, पडदा नको." बरोबर बोलली.

हा हिशेब मी वहीत करत नाही हं. धाकटीने एक्सेलमध्ये मांडून दिलाय. छाती टाकली की सगळी मापं खाली पळत येतात. पहिल्यांदा त्याने मला १९.७ पानं सांगितली. पाऊण पान कुठे लपवू? मग तिने एमराउंड नावाचं सूत्र दाखवलं, ते टाक्यांच्या आकड्याला चौदाच्या जवळच्या पटीत नेऊन बसवतं. फार गुणी सूत्र आहे. बाह्यांनाही यंत्रच लावलंय: ११० फेऱ्यांत वीस वेळा कमी करायचं, तर विसाने भागून पाच येतात आणि दहा उरतात, म्हणून दहा वेळा दर सहाव्या फेरीला आणि दहा वेळा दर पाचव्या. हे तू बोटांवर करायचीस ते आठवलं.

आणि तुझा तो चौकोनी घरांचा आलेख कागद! त्यावर तू काढलेली पानं कागदावर देखणी आणि लोकरीत बसकी का यायची, ते आता पुन्हा सांगते, कारण तेव्हा तू ऐकलं नव्हतंस. टाका चौकोनी नसतो. रुंदी १० भागिले २२, उंची १० भागिले ३०, म्हणजे उंची रुंदीच्या पाऊणपटीहून थोडी कमी. घरं त्या प्रमाणात आडवी आखली की कागदावर जे दिसतं तेच अंगावर येतं. आता संगणकावर टाके-ओळी सांगितल्या की तशी घरं आखून मिळतात. तू मात्र दोष माझ्या हातालाच दिलास. असो. तुझी ती आठ नंबरची टोपी मी काढत नाही, तूही हे काढू नकोस. (काढतेच. इंग्रजी आठ म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकन आठ म्हणजे ५. आणि इंग्रजीत आकडा वाढला की सुई बारीक होते, अमेरिकनमध्ये जाड. बापूंच्या हनुवटीपर्यंत आली होती टोपी, आणि ते बिचारे "उबदार आहे" म्हणत होते.)

तर तिसरा मार्ग. पान जसंच्या तसं, तेरा टाक्यांचं. फक्त पानापानांमधला एक उलट टाका खाली येता येता तीन होतो. मग चौदाच्या जागी सोळा. चोवीस पानं, खाली ३८४, उरलेले दहा टाके पानांखालच्या साध्या फेऱ्यांत वाढवून टाकते. वर गळ्याला ९६, म्हणजे साडेत्रेचाळीस सेंटीमीटर, बॉर्डरला थोडे कमी केले की झालं. दहाव्याऐवजी दर तेराव्या फेरीला वाढ, म्हणून पान थोडं लांब होतं, जाड होत नाही. झालरही नाही. विणून पाहिलं. मला आवडलं.

पण पानं सुटी दिसतात, मंदे. आणि तू बाईंसमोर सांगितलं होतंस, "पानाला पान चिकटलंच पाहिजे, नाहीतर ती माळ होते." नमुना तुझा आहे. मी गळा लावला, बाह्या लावल्या, पण पान तुझ्या वहीतलं आहे आणि मुलींना मी तसं सांगितलंय. शिवाय दुसरं एक सलतंय. बारीक मुलींना चिकटलेली पानं आणि हिला सुटी, म्हणजे हिला वेगळाच स्वेटर दिला असं व्हायला नको. सगळ्याच मापांना सुटी करावीत तर ९० च्या मापाला फार तर अठरा पानं येतात आणि गळा ७२ टाक्यांचा, साडेबत्तीस सेंटीमीटर. डोकं कुठून घालायचं? गळ्याशी दोन उलट टाके धरले तर तो ९० होतो, छान, पण मग १३० ला गळा पुन्हा १२०. मी रात्री झोपताना पानं मोजते. ह्यांनी काल विचारलं, "कोणाला शिव्या देतेस?"

तुझ्याशी भांडल्याशिवाय ठरत नाही. माझा कल असा: मधल्या मापापासून पुढे फट हळूहळू उघडायची, दोन टाके, मग तीन, म्हणजे एकदम उडी दिसणार नाही. तू नाही म्हणालीस तर कारण सांग, नुसतं नाही म्हणू नकोस.

दोन गोष्टी तुझ्या उपयोगाच्या. गोल सुईच्या जोडाशी घट्ट करायला जे बारीक भोक असतं ना, त्यात सुती दोरा ओवून एक फेरी विण. दोरा आपोआप सगळ्या टाक्यांतून जातो. पुढे जाळी बिघडली तर तिथपर्यंतच उसवायचं. आणि गळा मागून उचलायला जर्मन पद्धतीच्या अर्ध्या ओळी: सुई फिरवलीस की पहिला टाका न विणता घे, दोरा वरून मागे ओढ म्हणजे त्याचे दोन पाय दिसतात, परत येताना ते दोन पाय एकत्र विण. भोक पडत नाही. या ओळी पानं सुरू व्हायच्या आधी, गळ्याच्या साध्या फेऱ्यांतच उरकायच्या, नाहीतर मागची पानं लांब होतात.

तुझी बदली झाल्याचं ताईंकडून कळलं, बरंच झालं, ती जागा तुला मानवत नव्हतीच. नातीचं नाव छान आहे. सूनबाईंना माझा आशीर्वाद सांग. जिन्याचं काय झालं? मागच्या पत्रात तू अर्धवट सोडलंस.

वही पाठव, किंवा त्या पानाचा फोटो. टोकाशी तीन टाक्यांचा एक करताना मधला टाका तू सरळ उभा ठेवतेस, माझा डावीकडे कलतो. मी एक टाका सुलट घालायच्या बेताने उचलते, पुढचे दोन एकत्र विणते आणि उचललेला त्यावरून काढते. तू असंच करतेस की आणखी काही? तिन्ही मापांचे आलेख सोबत जोडलेत, तिसऱ्यावर लाल पेनने काय हवं ते लिही. त्या मुलीने लोकर घेऊन ठेवलीय आणि रोज विचारते.

तुझीच,
कुमी

ता. क. सुयांचं काही लिहिलंस तर मिलिमीटरमध्येच लिही.