बेसॉल्टमध्ये कार्बन साठवण्याआधी भूजलाची वाट शोधा

महोदय,

औष्णिक वीजकेंद्रांतून आणि सिमेंट कारखान्यांतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड दख्खनच्या बेसॉल्ट खडकात, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या दगडात, कायमचा साठवता येईल का, याविषयी चर्चा होत असते. तीत खडकाबद्दल भरपूर बोलले जाते. त्याच खडकातून वाहणाऱ्या भूजलाचा उल्लेख मात्र क्वचितच होतो, म्हणून हे पत्र.

या कल्पनेला मोठा आधार आहे तो आइसलँडमधील हेलिशेइदी येथील प्रयोगाचा. तेथे २०१२ मध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून ४०० ते ८०० मीटर खोलीवरील बेसॉल्टमध्ये सोडण्यात आला. आम्लधर्मी झालेल्या त्या पाण्याने खडकातील कॅल्शियम सुटे केले आणि दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक कार्बनचा कॅल्साइट, म्हणजे चक्क दगड झाला. हे उमगले तेही भूजलामुळेच. संशोधकांनी पाण्याबरोबर माग काढणारी द्रव्ये सोडली होती. प्रवाहाच्या दिशेला असलेल्या निरीक्षण विहिरीत ती पोहोचली, कार्बन मात्र बहुतांशी वाटेतच खडकात अडकला होता. त्या विहिरीतला पंप बंद पडला, तेव्हा त्यावरही कॅल्साइटची पुटे चढलेली आढळली.

आपल्याकडे विहीर खणताना मांजऱ्या, म्हणजे पोकळ्या असलेल्या बेसॉल्ट खडकाच्या पोकळ्यांत जे पांढरे स्फटिक सापडतात, त्यांत कॅल्साइटही असते. त्यामुळे ही रासायनिक क्रिया आपल्या खडकाला परकी नाही, आणि या संशोधनाला माझा मनापासून पाठिंबा आहे. परंतु मुरूम, मांजऱ्या आणि काळा फत्तर यांच्या थरांतून पाणी भेगा धरून चालते. एका विहिरीला बारमाही पाणी आणि शंभर फुटांवरची बोअर कोरडी, हा अनुभव गावोगावी आहे. त्यात बोअर दरवर्षी अधिक खोल जात आहेत. मग खाली सोडलेले आम्लधर्मी पाणी कोणत्या भेगेने कोणाच्या विहिरीत जाईल, हे आधी कळायला हवे. शिवाय आइसलँडच्या पद्धतीत एक टन वायू विरघळवण्यासाठी सुमारे २५ टन पाणी लागते. टँकरवर जगणाऱ्या तालुक्यात ते कोठून आणणार? अमेरिकेतील वालुला येथे २०१३ मध्ये सुमारे १,००० टन वायू पाण्यावाचून, दाबाखाली बेसॉल्टमध्ये सोडण्यात आला. आपल्याला तो मार्ग अधिक जवळचा वाटतो.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. जेथे प्रायोगिक छिद्र घ्यायचे असेल, तेथे पातळीबरोबरच पाण्याची आम्लता आणि क्षारही निदान दोन वर्षे आधीपासून मोजावेत आणि त्या नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावाव्यात, ही विनंती.

– भूशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सातारा