कल्हईविना पितळी गंज चुलीवर नको

प्रति,
संपादक महोदय,

आंदणात आलेले पितळी गंज, म्हणजे स्वयंपाकाची पातेली, एकेकाळी मोडीत घालून स्टील घेणारी आमची गावे आता तेच गंज पुन्हा विकत घेऊ लागली आहेत. लोखंडी तवे आणि मातीची मडकीही परत आली आहेत. आनंदच आहे, पण भांडे परत आले, ते वापरण्याची रीत मात्र आली नाही.

मागच्या हिवाळ्यात जत्रेतून मी एक चकचकीत गंज आणला. त्याला आतून कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा, नव्हती. विक्रेत्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्यात रांधलेली अंबाडीची भाजी तासाभरात कळकली आणि ओतून द्यावी लागली. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आंबट पदार्थात तांबे उतरते, ते पोटात गेल्यास मळमळ व उलट्या होतात. म्हणूनच आतून हा मुलामा देतात. कथील सुमारे 232 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कल्हईचा गंज रिकामा चुलीवर ठेवू नये किंवा त्यात कोरडे भाजू नये. डाळ, भात, दूध यांसाठी तो उत्तम. बाहेरून चिंच-राखेने खुशाल घासावा, आतून मात्र तारेची घासणी लावू नये, कल्हई झिजते.

झुणक्याला लोखंडी कढईच हवी. पण भाजी तिच्यात मुरत ठेवू नये, आणि धुतल्यावर लगेच कोरडी करून तेलाचा हात फिरवावा. ज्या मडक्यावर लांब पोळी भाजतात, त्याला साबण लावूच नये, माती तो शोषून घेते. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, भांड्यात चिंचेचे सार उकळणेही टाळावे.

हे सारे घरात पाळता येते. कल्हईचे तसे नाही. गंज तापवून, नवसागराची पूड टाकून, कथील कापसाने सर्वत्र फिरवणारा कारागीर पूर्वी आमच्या आठवडी बाजारात भाता घेऊन बसत असे. आता एका गंजासाठी शहर गाठावे लागते, आणि तिथेही कथलात शिसे मिसळलेले नाही याची खात्री कोण देणार? पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडारा जिल्ह्यात ही स्थिती असावी, याचे वाईट वाटते. जिल्हा परिषदेने उरलेल्या कारागिरांकडून गावातील तरुणांना आणि बचत गटांना हे काम शिकवावे, शुद्ध कथील मिळवून द्यावे आणि महिन्यातून एकदा तरी मोठ्या बाजारांत कल्हईसाठी जागा राखून ठेवावी, ही विनंती.

आपली,
एक गृहिणी
पवनी तालुका, जि. भंडारा