ग्रुपवरचं बोलणं ग्रामसभेत आणा

मंडळी, आठ दिवस गटाराच्या कामावरून इथे जुंपली आहे. मतं मांडा, टीकाही करा. पण इथलं काही ग्रामसभेच्या इतिवृत्तात, म्हणजे अधिकृत नोंदीत, येत नाही. सोमवारी सकाळी १० वाजता ग्रामसभा आहे. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जो आकडा कमी तेवढे लागतात. मागच्या वेळी तेवढेही नव्हते. सभा तहकूब झाली, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने मोजक्या डोक्यांत ठराव उरकले. (सही ठोकून चहाला कोण गेलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.) प्रश्न लेखी आणा, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) पोच घ्या. महिलांची सभा आदल्या दिवशी. जातीवरचे शेरे इथे टाकू नका, लगेच काढले जातील.